इंजिन नसलेलं जेट : १/६ मापाचं ग्नॅट, बांधणीपासून उड्डाणापर्यंत

निळीघार

नमस्कार मंडळी.

गेली सहा वर्षं मी कड्यावरून रेडिओ कंट्रोलची ग्लायडर उडवते आहे. सगळी लांब, पांढऱ्या पंखांची, शांत. आता मला जेट हवंय. इंजिन नको, डक्टेड फॅन (नळीत बसवलेला विजेचा पंखा) नको, बॅटरीचा मोठा गठ्ठा नको. वारा उताराला आपटून वर चढतो, त्या वाऱ्यावर तरंगणारं आणि तरीही दुरून पाहणाऱ्याला क्षणभर खरं वाटेल असं. या प्रकाराला पॉवर स्केल सोअरिंग म्हणतात, तोंडी पीएसएस. वेल्समध्ये ग्रेट ऑर्म नावाच्या टेकडीवर अशा मॉडेलांचे मेळावे भरतात, तिथले व्हिडिओ पाहून मी या नादाला लागले.

विमान ठरवायला दोन महिने घेतले. आधी मिग-२१ डोक्यात होतं, पण त्याचं धड केवढं आणि पंख केवढासा. हंटर फार देखणं, पण त्याच्या पंखाच्या मुळाशी असलेली हवेची तोंडं नीट साधण्याइतका माझा हात बसलेला नाही. फिरून फिरून ग्नॅटवर आले. टेडी पेटर यांनी आखलेलं हे हलकं लढाऊ विमान १८ जुलै १९५५ला पहिल्यांदा उडालं. आपल्या हवाई दलात त्याचं काय स्थान आहे ते इथे कुणाला सांगायला नको. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीतसिंग सेखों १४ डिसेंबर १९७१ला श्रीनगरवरून उडाले ते ग्नॅटमधूनच, आणि हवाई दलाला मिळालेलं एकमेव परमवीरचक्र त्यांचं. माझ्या टेबलासमोर त्या विमानाचं चित्र शाळेपासून आहे, त्यामुळे निवड पूर्ण तटस्थ होती असं म्हणणार नाही.

पण कारणं आकाराचीही आहेत. पंख खांद्यावर बसवलेला, म्हणजे पोटावर उतरवताना गवतात पंख आधी अडकत नाही. नाक लांब, म्हणजे तोल साधायला शिसं कमी. शेपटीचा आडवा पंख अख्खा फिरणारा, त्यामुळे वेगळा बिजागरीचा एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी पट्टी) करायला नको.

आकडे असे. खऱ्याचा पंखविस्तार ६.७३ मीटर, लांबी ८.७४ मीटर, पंखाचं क्षेत्रफळ १२.६९ चौ. मीटर. एकषष्ठांश केलं की ११२२ मि.मी., १४५७ मि.मी. आणि साधारण ३५ चौ. डेसिमीटर. पंख फोमचा गाभा कापून वर बाल्साच्या हलक्या लाकडाचं पातळ पान, धड हलक्या प्लायच्या फॉर्मरवर (आडव्या चौकटींवर) बाल्साच्या पट्ट्या. रंग रुपेरी.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. वजन किती धरू? टोकाला पीळ किती देऊ? आणि रुपेरी रंग फोमवर टिकतो का?

वजनकाटा

आधी वजन, मग बाकी सगळं.

खऱ्या ग्नॅटचं रिकामं वजन साधारण २,२०० किलो. लांबी सहापट कमी केली की क्षेत्रफळ छत्तीसपट कमी होतं आणि घनफळ दोनशे सोळापट. म्हणजे "मापात" वजन दहा किलो येतं. दहा किलोचं, सव्वा मीटरच्या आतल्या पंखांचं ग्लायडर कड्यावरून टाकलं तर ते दगडासारखं जाईल. तेव्हा दिसणं मापात ठेवायचं आणि वजन मापाबाहेर, हे पहिल्या दिवशी मनाशी पक्कं करा.

तुमच्या क्षेत्रफळाला १४०० ते १५०० ग्रॅम उत्तम. चौरस डेसिमीटरला ४० ते ४३ ग्रॅम पडतात. तेवढ्यात ते ताशी तीस-एकतीस किलोमीटरच्या खाली गेल्यावरच पडायला लागेल. तेच मॉडेल दोन किलोचं झालं तर हा वेग छत्तीसवर जातो. फरक लहान वाटतो, पण वेग वजनाच्या वर्गमुळाने वाढतो आणि उतरताना जमिनीवर रिकामी करायची ऊर्जा वजनाच्या वर्गाने वाढते. दीडपट वजन, सव्वादोनपट धडक. मॉडेलं हवेत क्वचित मोडतात, मोडतात ती उतरताना.

डोंगरकडा

निळीघार ताई, छान विषय काढलात. वजनकाटा म्हणतात त्याला माझा शंभर टक्के दुजोरा. पिळाबद्दल सांगतो.

मागे वळलेल्या पंखाची खोड अशी की हवा मुळाकडून टोकाकडे सरकते आणि टोक आधी हार मानतं. टोक मागे असल्यामुळे तिथली उचल गेली की नाक वर जातं, म्हणजे नेमकं जे नको तेच. एक पंख आधी गेला की मॉडेल क्षणात उलटं. त्यात आपल्या मापात हवा "घट्ट" वागते. हे मोजतो तो रेनॉल्ड्स आकडा; तो जितका लहान तितकी हवा जास्त चिकट वागते. त्याचा सोपा हिशोब: वेग मीटर प्रति सेकंदात, जीवा (पंखाची पुढून मागे रुंदी) मीटरमध्ये, दोन्हींचा गुणाकार करून सत्तर हजारांनी गुणा. टोकाची जीवा २० सें.मी. आणि उतरतानाचा वेग ९ मी/से. असेल तर सव्वा लाख येतो. एवढ्या कमी आकड्यावर पातळ, टोकदार पुढच्या काठाचे छेद (पंख आडवा कापला की दिसणारा आकार) फार लवकर दगा देतात. खऱ्या जेटचा छेद तसाच्या तसा वापरू नका. आरजी-१५ हा ग्लायडरचा छेद मुळापासून टोकापर्यंत ठेवा, जाडी नऊ टक्क्यांच्या आसपास. टोकाला दोन अंश पीळ द्या, म्हणजे टोकाचा मागचा काठ वर.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. मागे वळलेला पंख वर वाकला की टोकाचा कोन आपोआप आणखी कमी होतो. म्हणून पंख पिळाला कडक हवा. नुसता कार्बनचा दांडा पुरत नाही, त्वचेने पीळ धरला पाहिजे. दीड मि.मी. बाल्सा आणि खाली मुळाशी पंचेचाळीस अंशांत टाकलेलं काचेचं कापड, एवढं पुरेल.

गुरुत्वमध्य पहिल्या उड्डाणाला सरासरी जीवेच्या पंचवीस टक्क्यांवर. त्याच्या मागे नको. मुळाची आणि टोकाची जीवा सांगा, आकडा काढून देतो.

निळीघार

मधल्या रेषेवर ४३० मि.मी., टोकाला १९८. पावजीवेच्या रेषेचा (पुढच्या काठापासून जीवेच्या पाव अंतरावरच्या) मागे वळण्याचा कोन ४० अंश धरलाय.

डोंगरकडा

मग सरासरी जीवा ३२८ येते आणि ती मधल्या रेषेपासून २४६ मि.मी. बाहेर आहे. तिथला पुढचा काठ मुळाच्या पुढच्या काठापासून २३२ मि.मी. मागे. त्यात ३२८चे पंचवीस टक्के, म्हणजे ८२ मिळवा. ३१४ मि.मी. ही खूण पंखाच्या खाली दोन्ही बाजूंना पेन्सिलने करून ठेवा, रंगाच्या वेळी झाकून घ्या. वळलेल्या पंखात मुळाशी बोट लावून "साधारण इथे" म्हणणाऱ्यांची मॉडेलं पहिल्याच फेकीत गेलेली मी पाहिली आहेत.

कागदीविमान

मी कॉलेजात आहे, अजून एकही मॉडेल बांधलेलं नाही. सगळं वाचतोय. एक प्रश्न: इंजिन नाही तर ते खाली येत राहणार ना? वारा "वर चढतो" म्हणजे नेमका किती?

डोंगरकडा

चांगला प्रश्न. हवेच्या हिशोबाने मॉडेल सतत खालीच येत असतं. पंधरा मीटर प्रति सेकंद वेगाने जाणारं, एकास दहा घसरणारं जेट सेकंदाला दीड मीटर खाली उतरतं. पण ती हवाच वर चालली असेल तर? तीस अंशांच्या उतारावर ताशी तीस किलोमीटरचा वारा उताराला धरून वळला, तर त्याचा उभा भाग सेकंदाला चार मीटरच्या आसपास होतो. चारातून दीड गेले, अडीच मीटर दर सेकंदाला वर. कड्यापासून पुढे दूर गेलात की हे कमी होतं, आणि कड्याच्या मागे गेलात की तीच हवा भोवरा होऊन खाली ओढते. घारी कुठे स्थिरावतात ते बघत जा. त्या जागा चुकत नाहीत.

निळीघार (तीन आठवड्यांनी)

पंख कापून झाले. जरा सविस्तर लिहिते, कारण इथेच माझे दोन गाभे वाया गेले.

तापलेल्या तारेने निमुळता पंख कापताना मुळाचं टेंप्लेट मोठं आणि टोकाचं लहान असतं. दोन्ही टोकं एकाच वेळी सुरू होऊन एकाच वेळी संपली पाहिजेत. म्हणजे मुळाकडची तार टोकाच्या दुपटीहून जास्त वेगाने चालायला हवी. मी पहिल्या खेपेला अंदाजाने ओढली. टोकाकडची तार रेंगाळली, तिथला फोम वितळून दोन मि.मी. खोल नाली पडली. मग दोन्ही टेंप्लेटांवर दहा-दहा समान भाग पाडून आकडे लिहिले आणि भावाला पलीकडे उभं केलं. मी मोठ्याने "एक… दोन… तीन" म्हणत गेले, दोघांनी आपापला आकडा गाठला. तिसरा गाभा काचेसारखा निघाला. तार किती तापली आहे हे बघायला फोमचा तुकडा आधी कापून बघायचा. तार मागे धनुष्यासारखी वाकत असेल तर उष्णता कमी आहे किंवा हात घाईत आहे. खिडक्या उघड्या ठेवल्या. तो धूर नाकात जायला नको.

टोकाचं टेंप्लेट मागच्या काठाला सात मि.मी. वर उचलून खिळलं, १९८च्या जीवेला दोन अंश बरोबर तेवढेच होतात. बाल्साची पानं इपॉक्सीने चिकटवली आणि फोम कापताना उरलेल्या वरच्या-खालच्या पाळण्यांमध्येच पंख ठेवून वर पुस्तकांची थप्पी रचली. पाळणा सपाट टेबलावर हवा, नाहीतर पीळ जो द्यायचा तो न येता भलताच येतो. सुकल्यावर दोन्ही पंखांचा पीळ मोजला, फरक अर्ध्या मि.मी.च्या आत आहे. त्या रात्री मी खरंच शांत झोपले.

पंख एकसंध ठेवलाय, धडाला दोन नायलॉनच्या पाच मि.मी. बोल्टांनी बसतो. वेडंवाकडं उतरलं तर बोल्ट तुटावेत, पंख वाचावा.

वजनकाटा

धडाचं आत्ताचं वजन?

निळीघार

फॉर्मर, पट्ट्या, नाकाचा ठोकळा मिळून ३१० ग्रॅम. शेपटीचा आडवा पंख फोमवर थेट काचेचं कापड टाकून केलाय, दोन्ही मिळून ३८ ग्रॅम. पिव्होटसाठी कार्बनचा चार मि.मी. दांडा, पितळी नळीत.

डोंगरकडा

अख्खा फिरणारा पंख करताय तर पिव्होट त्या पंखाच्या सरासरी जीवेच्या पंचवीस टक्क्यांवर किंवा किंचित पुढे ठेवा. मागे गेला तर वेग वाढल्यावर फडफडायला लागतो आणि मग शेपूटच जाते. दांड्यात, हॉर्नमध्ये, सर्वोच्या (पट्ट्या फिरवणाऱ्या छोट्या मोटरच्या) दातांत कुठेही खेळ नको. टोक बोटात धरून हलवून बघा. मिलिमीटरभर जरी हललं तरी शोधून काढा कुठून हलतंय.

पॉलिशपेपर

इतके दिवस वाचत होतो, आता माझा विषय आला म्हणून लिहितो. मॉडेल मी कमी उडवतो, रंगवतो जास्त.

रुपेरी रंगासारखा प्रामाणिक रंग नाही. खालचा प्रत्येक ओरखडा, प्रत्येक सांधा तो दाखवतो. त्यामुळे रुपेरीच्या बाबतीत रंगकाम म्हणजे ऐंशी टक्के घासकाम. बाल्सा आधी २४०च्या पॉलिशपेपरने, मग ३२०ने. त्यावर चौरस मीटरला २५ ग्रॅमचं काचेचं कापड, पातळ रेझिनने. ब्रशने लावून जुन्या प्लास्टिक कार्डाने जादाचं रेझिन ओढून काढायचं. कापडाची वीण दिसत राहिली पाहिजे, चकाकता थर दिसला की समजायचं जास्त झालं. सुकल्यावर प्रायमर, आणि त्यातला तीनचतुर्थांश परत घासून काढायचा. प्रायमर खड्ड्यात राहायला हवा, टेकाडावर नको. ४००, ६००, शेवटी ८०० पाण्यात. काच घासताना तोंडाला चांगला मास्क लावा, ती भुकटी छातीत जायची वस्तू नाही.

प्रायमर करडाच घ्या. ग्नॅटवरचा रुपेरी रंग काही आरशासारखा नव्हता. काळ्या चकाकत्या थरावर मारलेली रुपेरी फार झगमगते, खेळण्यासारखी दिसते.

आता मुख्य सूचना. सगळं विमान एकाच रुपेरीने रंगवू नका. धडाचा मागचा भाग, इंजिनाच्या भोवतालचा, थेंबभर काळा आणि तपकिरी घालून जरा उतरवा. काही पॅनेल थेंबभर पांढऱ्याने उजळा. फरक इतका कमी ठेवा की हातात धरून सांगता येऊ नये, उन्हात फिरवल्यावरच कळावा. पॅनेलच्या रेघा काळ्या शाईने मारू नका. दोन-बी पेन्सिल, लवचीक पट्टी, आणि वरून लॅकरचा पातळ हात. पन्नास मीटरवरून काळी रेघ कॉमिकसारखी दिसते, पेन्सिलची रेघ धातूच्या सांध्यासारखी.

वर्तुळचिन्हं: बाहेर केशरी, मध्ये पांढरं, आत हिरवं. रुपेरीवर थेट केशरी मारलंत तर मातकट दिसेल. आधी पूर्ण पांढरी चकती मारा, ती सुकली की झाकून केशरी, मग हिरवं. टेप काढताना सरळ वर उपसू नका, स्वतःवरच दुमडत हळू मागे न्या.

कागदीविमान

पॉलिशपेपर काका, काचेच्या कापडाऐवजी तपकिरी कागद आणि पातळ केलेला फेव्हिकॉल चालतो असं वाचलं होतं. ते वाईट का?

पॉलिशपेपर

अजिबात वाईट नाही, उलट पहिल्या मॉडेलला तेच कर. कडक होतो, हाताला कसला त्रास नाही, वासही नाही. फक्त ओला असताना कागद फुगतो आणि सुकताना ओढतो, म्हणून पातळ पंखाच्या दोन्ही बाजू एकाच बैठकीत लावायच्या. एकच बाजू लावून उद्यावर टाकलं तर पंख केळ्यासारखा वाकतो.

वजनकाटा

पॉलिशपेपर यांच्या सगळ्या सूचना सुंदर आहेत. प्रत्येक थरानंतर मॉडेल काट्यावर ठेवून आकडा इथे लिहा, एवढी माझी विनंती. रंगाचं वजन कुणी मोजत नाही आणि मग म्हणतात नाकात शिसं का वाढलं.

निळीघार (पाच आठवड्यांनी)

मोजलं, दादा. सर्वो, रिसीव्हर, बॅटरी आणि नाकातलं शिसं धरून रंगाआधी १२९०. मग कापड ३५, रेझिन ४५, प्रायमर घासल्यावर उरलेला ३०, रुपेरी आणि चिन्हं ४०, लॅकर २०. एकूण १४६०.

दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

पहिली, शेपटीच्या आडव्या पंखावर घात झाला. फोमवर थेट कापड होतं, पुढच्या काठाला कुठेतरी सुईच्या टोकाएवढं छिद्र राहिलं असणार. प्रायमरचा दुसरा हात मारला आणि दहा मिनिटांत तिथे हरभऱ्याएवढा खड्डा. वरची त्वचा शाबूत, बोट लावलं तर आत पोकळ. प्रायमरमधल्या द्रावकाने आतला फोम खाल्ला होता. त्वचा कापून खड्डा हलक्या पुट्टीने भरला, त्यावर रुपयाएवढा कापडाचा तुकडा. त्यानंतर प्रत्येक फोमचा भाग दिव्यासमोर तिरका धरून तपासला आणि जिथे चमक तुटली तिथे रेझिनचा थेंब सोडला. अशी आणखी चार छिद्रं सापडली.

दुसरी गोष्ट अशी की मी कॉकपिटमध्ये आसन, पॅनेल, वैमानिकाचा अर्धपुतळा असं सगळं करायला घेतलं होतं. ६२ ग्रॅम भरलं. नाकाकडे असल्यामुळे शिशाच्या जागी चालेल असं मनाला समजावत होते. पण हिशोब केला तर शिसं टोकाशी बसतं, गुरुत्वमध्यापासून ७७० मि.मी.वर, कॉकपिट जेमतेम ४०० वर. म्हणजे ६२ ग्रॅमने ३२ ग्रॅम शिसं वाचतं आणि ३० ग्रॅम फुकट चढतात. आसन आणि पॅनेल काढलं. वैमानिकाचं डोकं आणि खांदे ठेवले, फोममधून कोरलेले, ९ ग्रॅम. रिकाम्या कॉकपिटचं विमान मला बघवत नाही.

वजनकाटा

नऊ ग्रॅम मान्य. वैमानिक हवाच.

डोंगरकडा

उडवण्याआधी काही गोष्टी, घाईत विसरतात म्हणून.

ट्रान्समीटरची दांडी उजवीकडे, तर उजवा एलेरॉन (पंखाच्या मागच्या काठावरची, मॉडेल कलवणारी पट्टी) वर. हे मॉडेलच्या मागे उभं राहून बघा, पुढून बघून गल्लत होते. एलिव्हेटरचा फिर फार ठेवू नका, अख्खा पंख फिरतो तेव्हा पाच अंश वर, पाच खाली भरपूर झाले. रेडिओची रेंज तपासा. ताशी २५ ते ३०चा, कड्यावर काटकोनात येणारा वारा मिळेपर्यंत थांबा. कमी वाऱ्यात पहिलं उड्डाण करण्यात शहाणपण नाही, ग्लायडरसाठी चांगला असलेला मंद वारा जेटला पुरत नाही.

फेकणारा दुसरा माणूस हवा. तुमचे दोन्ही हात ट्रान्समीटरवर. ग्नॅटच्या पोटाला धरायला काही नाही, गुळगुळीत रुपेरी आणि घामेजलेला हात. गुरुत्वमध्याच्या किंचित मागे, पोटाखाली पायऱ्यांना लावतात ती खरखरीत पट्टी चार बोटं लावून घ्या. फेक सरळ, नाक क्षितिजाच्या थोडं खाली, भाल्यासारखी. वर फेकायचं नाही. वर फेकलेलं जेट वेग गमावून तिथेच एका पंखावर कोसळतं.

निळीघार (पुढच्या सोमवारी)

उडलं!

काल दुपारी वारा अट्ठावीसच्या आसपास होता. भावाने फेकलं. पहिले दोन सेकंद ते कड्याखाली गेलं, दिसेनासं झालं आणि माझं काळीज थांबलं. मग खालून वर आलं, वेग घेऊन, चकाकत, आणि डावीकडे वळवलं तेव्हा अख्ख्या पंखावर ऊन पडलं. मी सहा वर्षं ग्लायडर उडवते आहे, पण हे दृश्य वेगळंच होतं. तो मागे वळलेला पंख, ते टोकदार नाक, आवाज फक्त हवेचा. सूं करत समोरून गेलं तेव्हा शेजारी बसलेले एक आजोबा उभे राहिले.

आता अडचणी. उंचीवर गेल्यावर मागे राखाडी ढग आला आणि रुपेरी विमान त्यात विरघळलं. दोनेक सेकंद मला पोट दिसतंय की पाठ हेच कळेना. एलेरॉन सोडून दिले, नाक किंचित खाली केलं, ढगाच्या कडेला आलं तेव्हा सावली दिसली आणि परत ताब्यात आलं. या दोन सेकंदांत सगळे आठवडे डोळ्यांसमोरून गेले.

उतरवताना मी कड्याच्या जरा जास्तच मागे गेले. भोवऱ्याने शेवटच्या दोन मीटरला खाली आपटलं. उजवं टोक टेकलं, दोन्ही बोल्ट तुटले, पंख उडून गवतात. पंखाला ओरखडासुद्धा नाही. पोटाचा रंग दोन ठिकाणी गेला, नाकाला बारीक चीर.

डाइव्ह टेस्टही केली. पंचेचाळीस अंशांत खाली सोडून दांडी मोकळी केली तर नाक चांगलंच जोरात वर येतं.

डोंगरकडा

मनापासून अभिनंदन ताई! नाक वर येतंय म्हणजे तोल पुढे आहे, पहिल्या दिवसाला तसाच हवा होता. आता नाकातलं दहा ग्रॅम शिसं काढा, गुरुत्वमध्य पाचेक मि.मी. मागे सरकेल, ३१९ वर येईल. परत डाइव्ह. नाक सावकाश, लांब वळणाने वर यायला लागलं की थांबा. आपोआप आणखी खाली झुकायला लागलं तर जास्त झालं, लगेच शिसं परत घाला.

उतरताना दोन्ही एलेरॉन एकदम आठ मि.मी. वर घेण्याचं मिक्स ट्रान्समीटरवर लावा. उचल कमी होते, टोकाला जास्तीचा पीळ मिळतो. पण वळलेल्या पंखात एलेरॉन गुरुत्वमध्याच्या मागे असल्यामुळे नाक वर उचललं जातं, म्हणून सोबत थोडा खालचा एलिव्हेटर हवा. हे उंचीवर करून बघा, जमिनीजवळ नाही. आणि कड्याच्या मागे खोल जायचंच नाही. काठाच्या बाजूला, उतार जिथे मागे वळतो तिथे वर चढत उतरा.

पॉलिशपेपर

रंगाचा दोष माझ्याकडे घेतो, हे आधीच सुचवायला हवं होतं. एका पंखाच्या खाली गडद निळी किंवा काळी चिकटपट्टी, दहा सें.मी. रुंद, आडवी लावा. विनाइलची घ्या, म्हणजे प्रदर्शनाला ठेवताना काढता येईल. एकाच पंखाखाली, दोन्ही नाही. मग पोट दिसलं की कळतं आणि कुठली बाजू तेही कळतं. पोटाची दुरुस्ती करताना फक्त गेलेला ठिपका रंगवू नका, जवळच्या पॅनेलच्या रेघेपर्यंत झाकून अख्खं पॅनेल मारा. नवं पॅनेल जरा वेगळं दिसेल, आणि खऱ्या विमानावरही तसंच दिसतं.

कागदीविमान

निळीघार ताई, तुम्ही टाकलेला उड्डाणाचा व्हिडिओ चार वेळा पाहिला. पुढच्या वेळी फेकायला मी आलो तर चालेल का? माझा हात सरळ आहे, मी भालाफेक करतो.

निळीघार

ये की. शिसं काढलंय, निळी पट्टी लावलीय, बोल्टांचं अख्खं पाकीट सोबत घेतेय. शनिवारी वारा चांगला दिसतोय. आधी गवताच्या मऊ उतारावर माझ्या जुन्या फोमच्या ग्लायडरवर दहा-बारा फेकी मारून घे, नाक खाली ठेवायची सवय होईपर्यंत. मग ग्नॅट तुझ्या हातात देते.